रोस्टेड मेपलचा नेक: कोकणातले दोन पावसाळे काढल्यावरचा रिव्ह्यू

दोन पावसाळे काढल्याशिवाय या रोस्टेड म्हणजे भाजलेल्या मेपल लाकडाच्या नेकबद्दल (नेक म्हणजे गिटारची लांब दांडी) एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण गिटारच्या नेकचा रिव्ह्यू खोक्यातून काढल्या दिवशी लिहिणं म्हणजे आंब्याचं कलम लावल्या दिवशी फळ गोड आहे की नाही ते सांगणं. आता दुसरा पावसाळाही गेला, मधल्या मार्चमध्ये दहा दिवस पुण्याची कोरडी हवाही झाली, वहीत सगळी मापं लिहून ठेवलीयत, त्यामुळे आता बोलते.

मी रत्नागिरीत राहते, अकरा वर्षं गिटार शिकवतेय, क्लासला बहुतेक शाळा-कॉलेजची मुलं येतात आणि त्यांच्या गिटारी माझ्या हातून जातात म्हणून वेगवेगळे नेक बघायला मिळतात. बाबा सुतार आहेत, घराच्या मागच्या पडवीत अजून रंधा चालतो, त्यामुळे लाकूड म्हटलं की घरात चर्चा ठरलेली. बाबांना गिटार वाजवता येत नाही पण नेक हातात घेऊन एक डोळा मिटून हेडस्टॉककडून, म्हणजे ट्युनरच्या खुंट्या असतात त्या टोकाकडून, बघितलं की दोन सेकंदांत सांगतात, "अगं, ही फळी फिरलीय." आणि ते बरोबर असतं.

तर झालं असं की माझी जुनी स्ट्रॅट टाईपची, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी इलेक्ट्रिक गिटार, ब्रँडचं नाव नाही घेत कारण त्यांची एक गिटार खराब निघाली म्हणून सगळ्याच खराब असं मला म्हणायचं नाहीये, तर तिचा नेक मेपलचा, वर शिसवीसारखा दिसणारा फ्रेटबोर्ड म्हणजे बोटं दाबायची पट्टी, आणि दर जुलैमध्ये तिची ॲक्शन, म्हणजे फ्रेटच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून तारांची उंची, इतकी वर यायची की बाराव्या फ्रेटला एका बोटाने सगळ्या तारा दाबून बार कॉर्ड धरताना मनगट दुखायचं. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली वाक कमी-जास्त करणारी लोखंडी सळी, घट्ट करायचे, सप्टेंबरमध्ये बरी, मग डिसेंबर-जानेवारीत कोरडी हवा आली की उलटा, तारा पहिल्या चार फ्रेटवर खरखर करायच्या, परत रॉड सैल करायचा. वर्षातून चार वेळा हे. पाचव्या वर्षी नेक नुसता वाकला नाही, त्याला पीळ पडला. म्हणजे जाड तारेच्या बाजूला एक वाक आणि पातळ तारेच्या बाजूला वेगळा. ट्रस रॉडने वाक निघतो, पीळ निघत नाही, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी लिहून ठेवा कारण दुकानदार "रॉड फिरवला की होईल" म्हणून सेकंड हँड गिटार गळ्यात मारतात आणि मग मूल रडत माझ्याकडे येतं.

बाबांनी तो नेक काढून हीलचं टोक बघितलं, म्हणजे जिथे नेक बॉडीत बसतो तिथलं कापलेलं टोक, आणि तिथेच सगळं कळलं. झाडाची वर्तुळं असतात ना, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकावर एक, ती त्या टोकाला तिरपी होती, ना उभी ना आडवी, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारी, आणि वर लांबीला बघितलं तर रेषा सरळ न जाता मध्येच बाजूला पळत होत्या. लाकूड ओलावा घेतं तेव्हा लांबीला जवळजवळ काहीच वाढत नाही पण वर्तुळांच्या दिशेने जेवढं फुगतं ते वर्तुळांना छेद देऊन जेवढं फुगतं त्याच्या साधारण दुप्पट असतं. मग रेषा तिरपी असली की एक कोपरा जास्त ओढतो आणि फळी पिळते. दरवाजाची फळी पिळली तर आपण रंधा मारतो, नेकवर रंधा मारायला जागाच नाही, सगळं मिळून २० मिलिमीटर जाडी आणि त्यावर सहा तारांचा ताण. इलेक्ट्रिकवर ०.०१० इंचाचा (सगळ्यात पातळ तारेची जाडी) सेट लावला तर सगळ्या तारा मिळून ४५ किलोच्या आसपास ओढतात, अकुस्टिकवर ०.०१२ चा सेट असेल तर ७० किलोच्या वर. रात्रंदिवस. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या काठीच्या टोकाला लटकलाय असं समजा.

म्हणून मी मुलांच्या पालकांना नेहमी सांगते, काका, बॉडीचा रंग नंतर बघू, आधी नेक बघू.

आता लाकडांबद्दल, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न हाच येतो की मॅडम मेपल चांगलं की महोगनी. मेपल म्हणजे अमेरिका-कॅनडातलं हार्ड मेपल, ज्याच्या रसाचा पाक करून खातात तेच झाड. फेंडरने १९५० मध्ये आपली सॉलिड बॉडी गिटार बाजारात आणली तेव्हा नेक मेपलच्या एकाच तुकड्याचा केला, वेगळा फ्रेटबोर्ड नाही, त्याच लाकडात फ्रेट ठोकलेले. सुरवातीच्या काही गिटारींत ट्रस रॉडच नव्हता, म्हणे मेपल एवढं कडक आहे की लागणार नाही, आणि मग नेक वाकायला लागले तसा रॉड घालावा लागला. तो रॉड मागून खाच पाडून घातला आणि खाच अक्रोडाच्या पट्टीने बुजवली, ती काळपट पट्टी आजही मागे दिसते, बऱ्याच मुलांना वाटतं डिझाइन आहे. फिरवून ताण बदलता येणारा ट्रस रॉड मात्र गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचा, त्यांच्या थॅडियस मॅकह्यूने १९२१ मध्ये पेटंटला अर्ज केला, १९२३ ला मिळालं. माझ्या मते गिटारच्या इतिहासातला सगळ्यात कामाचा लोखंडाचा तुकडा तोच.

मेपल कडक आहे, ताण सहन करतं, झिजत नाही, स्क्रू घट्ट धरतं, म्हणून बोल्ट-ऑन, म्हणजे बॉडीला स्क्रूने जोडलेल्या नेकला एकदम योग्य. पण त्याचा एक दोष आहे जो आपल्याकडे फार जाणवतो: ते हवेबरोबर हलतं. ओल्या झाडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत मेपल वर्तुळांच्या दिशेने जवळपास १० टक्के आक्रसतं, महोगनी ४ ते ५ टक्के, आपलं सागवान ६ च्या आसपास. म्हणजे ओलावा कमी-जास्त झाला की मेपल महोगनीच्या दुप्पट हालचाल करणार, हे त्याच्या अंगातच आहे. बाबांना हे आकडे वाचून दाखवले तर म्हणाले, "मग दारं-खिडक्या सागाच्या का करतात ते कळलं ना?"

महोगनी म्हणजे होंडुरासची खरी महोगनी, गिब्सन आणि मार्टिनवाल्यांचं लाडकं लाकूड. मेपलपेक्षा हलकं, कापायला लोण्यासारखं, आणि एकदा वाळलं की शांत बसतं. वनस्पतीशास्त्रात ती कडुनिंबाच्या कुळातली आहे हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, सापेली, स्पॅनिश सीडर आणि आपली तूण हे सगळे त्याच घरातले. तूण म्हणजे ज्याच्यापासून मिरजेचे तंबोरे-सतारी होतात तेच लाकूड, कर्नाटकातल्या जंगलातून येतं, भोपळे मंगळवेढ्याहून येतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे मार्टिनच्या कारागिराने नेकसाठी आणि मिरजेच्या कारागिराने दांडीसाठी, एकमेकांना न विचारता, एकाच कुळाकडे धाव घेतली. हलकं, सरळ रेषेचं, न फिरणारं. ही गोष्ट मी क्लासमध्ये प्रत्येक बॅचला सांगते.

महोगनीचा कमकुवतपणा वेगळा आहे, ती मऊ आहे. आणि गिब्सन पद्धतीच्या गिटारचा हेडस्टॉक मागे कललेला असतो, जुना कोन १७ अंशांचा, एकाच तुकड्यातून तो कोन कापला की नटच्या (तारा हेडस्टॉककडे जाताना ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात ती) मागे लाकडाच्या रेषा तुटतात, वर ट्रस रॉड फिरवायच्या चाकीसाठी तिथेच खड्डा पाडलेला, त्यामुळे गिटार स्टँडवरून मागे पडली की तिथेच मोडते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या सेकंड हँड गिटारचा हेडस्टॉक असाच मोडला होता, मांजराने पाडली. बाबांनी सरस लावून, शिकंजात आवळून दोन दिवस ठेवला, चार वर्षं झाली अजून धरून आहे. चांगला चिकटवलेला जोड मूळ लाकडापेक्षा पक्का असतो हे बाबांचं म्हणणं, आणि म्हणूनच बरेच कारखाने हेडस्टॉक वेगळ्या तुकड्याचा तिरपा सांधा करून जोडतात. नेकच्या मागे नटजवळ तशी रेघ दिसली तर घाबरू नका, तो दोष नाहीये, उलट तिथली रेषा सलग राहिली आहे असं समजा.

तिसरं लाकूड म्हणजे नॅटो, आणि हेच आपल्याकडे घरोघरी आहे. यामाहाची एफ ३१० म्हणजे भारतातल्या अर्ध्या गिटार क्लासची पहिली गिटार, तिचा नेक नॅटोचा. स्पेसिफिकेशनमध्ये कुणीकुणी ईस्टर्न महोगनी लिहितात पण महोगनीशी त्याचं काही नातं नाही, आशियातल्या कारखान्यांत नॅटो म्हणून वापरतात ते न्याटोह, चिकू आणि मोहाच्या कुळातलं. रंग तांबूस असतो, त्याला डाग देऊन महोगनीसारखं केलं की ओळखू येत नाही. मला नॅटोबद्दल चांगलंच बोलायचंय, माझ्या क्लासमधल्या तीन एफ ३१० गेली आठ वर्षं भिंतीवर टांगलेल्या आहेत, पावसाळ्यात एखादा पाव आटा रॉड फिरवावा लागतो, बस्स. नाव मोठं नसलेलं लाकूडही नीट वाळवलेलं असलं की इमानदारीने काम करतं. इलेक्ट्रिकमध्ये यामाहाच्याच पॅसिफिका ११२ चा मेपल नेक मी दोन विद्यार्थ्यांकडे बघितलाय, तोही सरळ. म्हणजे मेपल वाईट असं मी म्हणतच नाहीये, माझ्या वाट्याला आलेला तुकडा वाईट होता.

बाकीची लाकडं पटकन सांगते. वेंगे, बुबिंगा ही आफ्रिकन जड लाकडं आहेत, बास गिटारमध्ये आणि मेपलच्या मध्ये पट्ट्या म्हणून घालतात. आयबनेझ कंपनीच्या काही पातळ विझार्ड नेकमध्ये मेपल आणि अक्रोडाच्या अशा पाच पट्ट्या चिकटवलेल्या असतात, एवढा बारीक नेक एका तुकड्यात सरळ ठेवणं अवघड म्हणून हा उपाय. एक पट्टी डावीकडे ओढायला गेली तर शेजारची धरून ठेवते. पूर्ण शिसवीचा नेकही असतो, बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने ३० जानेवारी १९६९ ला लंडनला गच्चीवर वाजवलेली फेंडरची टेलिकास्टर बॉडीसकट जवळपास सगळी रोझवूडची होती. हातात कधी घेतली नाही पण वजन असणार.

हां, रोझवूड. हे फ्रेटबोर्डचं लाकूड म्हणून ओळखतात आणि याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण हे आपलं आहे. इंडियन रोझवूड म्हणजे आपला शिसव, सह्याद्रीच्या जंगलातला, आजोबांच्या घरातला तो काळा-जांभळा जड पलंग ज्याचा होता तो. ब्राझीलचं रोझवूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराला जवळपास बंद झालं, त्याआधीपासूनच कारखाने आपल्या शिसवाकडे वळले होते. मग २ जानेवारी २०१७ पासून साईटीसने, म्हणजे दुर्मिळ झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने, शिसवाच्या सगळ्या भाऊबंदांवर परमिटची अट घातली, गिटारच्या एका पातळ पट्टीसाठी कागदपत्रं, आणि मग मेक्सिकोत बनणाऱ्या फेंडरमध्ये शिसवाच्या जागी पाओ फेरो नावाचं दुसरं लाकूड यायला लागलं. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली. पाओ फेरो वाईट नाहीये, शिसवापेक्षा जरा फिकट आणि हाताला गुळगुळीत, माझ्या एका विद्यार्थ्याकडे आहे, पण जे लाकूड आपल्या डोंगरात उगवतं ते आपल्या मुलांच्या गिटारवर परदेशातून फिरून येतं आणि कधी येतच नाही याचं मला वाईट वाटतं. नियमामागचं कारण मात्र मला पटतं, बाबांनीच सांगितलंय की त्यांच्या लहानपणी जंगलात दिसायचे तेवढे मोठे शिसव आता दिसत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, रोस्टेड मेपल.

रोस्टेड म्हणजे भाजलेलं. मेपलच्या फळ्या बंद भट्टीत, ऑक्सिजन जवळपास नसताना, म्हणजे पेट घेणार नाहीत अशा पद्धतीने, १६० ते २२० अंशांपर्यंत तापवतात. लाकडातला जो भाग पाणी शोषतो तो या उष्णतेत मोडतो, साखर करपते, रंग आरपार तपकिरी होतो, वरून दिलेला डाग नाही, कापलं तरी आतून तसाच. नंतर हवेतला ओलावा कितीही वाढला तरी हे लाकूड साध्या मेपलच्या जवळपास निम्मंच पाणी घेतं. फिनलंडमध्ये नव्वदच्या दशकात हे घराबाहेरच्या फळ्यांसाठी विकसित केलं, गिटारवाल्यांनी नंतर उचललं. हे वाचलं तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की अरे ही गोष्ट तर कोकणासाठीच आहे. साधं लाकूड तीस टक्के आर्द्रतेत ठेवलं की त्यात साधारण ६ टक्के पाणी राहतं, ऐंशी टक्क्यांत ठेवलं की १६. माझ्या खोलीतला हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, जुलैमध्ये आठवडेच्या आठवडे ऐंशीच्या खाली येत नाही, आणि मार्चमध्ये पुण्याला बहिणीकडे गेले की दुपारी पंचविसावर. नेक बिचारा काय करणार.

मी घेतलेला नेक ऑनलाइन मागवला, विकणाऱ्याचं नाव नाही देत, १४ हजारांच्या आसपास पडला सगळं मिळून. २२ फ्रेट, फ्रेटबोर्डही रोस्टेड मेपलचा, नट ४२ मिलिमीटर, हील ५६ मिलिमीटर, म्हणजे स्ट्रॅटच्या खाचेत बसणारं माप. खोकं उघडल्यावर पहिली गोष्ट वास. काकवी उकळताना शेवटी शेवटी जो वास येतो ना, जरासा करपट आणि गोड, तसा. दोन वर्षं झाली, केस उघडली की अजून येतो, कमी झालाय पण येतो. रंग गुळाच्या ढेपेसारखा, मागे रेषा एकदम सरळ, आणि हीलच्या टोकाला वर्तुळं जवळपास उभी. उभ्या वर्तुळांची फळी, क्वार्टरसॉन म्हणतात, एका ओंडक्यातून कमी निघते म्हणून महाग असते. बाबांनी टोकावर टिचकी मारून आवाज ऐकला, डोळा मिटून बघितलं, आणि "बरं आहे" म्हणाले. बाबांचं बरं म्हणजे उत्तम.

तक्रारीही सांगते. नट नुसता चिकटवून दिलेला, खाचा वरवर पाडलेल्या, त्या खोल कराव्या लागल्या नाहीतर पहिल्या फ्रेटला तार दाबताना सूर चढतो. फ्रेटची टोकं बारीक कानशीने घासावी लागली, सात-आठ ठिकाणी बोटाला लागत होती. स्क्रूची भोकं नव्हती, हे मात्र चांगलंच कारण प्रत्येक बॉडीची भोकं थोडी वेगळी असतात. पण इथे एक महत्त्वाची गोष्ट, भाजलेलं लाकूड ठिसूळ होतं, त्यात थेट स्क्रू आवळला तर चिरफळी उडते. बाबांनी आधी ३.२ मिलिमीटरचं भोक पाडलं, ड्रिलच्या टोकाला टेप लावून खोली ठरवली म्हणजे फ्रेटबोर्डमधून आरपार जायला नको, मग स्क्रूला मेणबत्ती घासली आणि हाताने आवळला, मशीनने नाही. साबण लावू नका म्हणाले, साबण ओलावा धरतो आणि स्क्रू गंजतो. ट्युनरच्या छोट्या स्क्रूंनाही हेच. ज्यांच्या घरी बाबा नाहीत त्यांनी हे काम ओळखीच्या चांगल्या सुताराकडून करून घ्या, गिटारवालाच पाहिजे असं नाही, हात हळू चालणारा पाहिजे.

फिनिश म्हणून काही जाड थर नाहीये, नुसतं तेल आणि मेण. आणि हे मला सगळ्यात जास्त आवडलं. जुन्या नेकवर चकचकीत पॉलिश होतं, मे महिन्यात कार्यक्रमाला वाजवताना अंगठा चिकटायचा, घाम आणि पॉलिश मिळून नुसती चिकचिक, पोझिशन बदलताना हात अडकायचा. हा नेक कोरडा लागतो, जुन्या घराच्या लाकडी कठड्यावरून हात फिरवल्यासारखा. साध्या मेपलला तेल-मेणावर सोडलं तर घामाने तो राखाडी-काळा पडतो आणि ओलावाही घेतो, भाजलेल्याला ते चालतं. मी वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये, सुती फडक्यावर थोडं मेण घेऊन पुसते, पाच मिनिटांचं काम.

आता वहीतली मापं. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, शेवटचा फ्रेट बोटाने दाबायचा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते फीलर गेजने बघायचं, हा गेज गॅरेजवाल्याकडे असतो, स्पार्क प्लगसाठी वापरतात तोच. जुन्या नेकला मे महिन्यात ०.२० मिलिमीटर लावलं की जुलैच्या शेवटी ०.६० च्या वर जायचं. नवीन नेक, पहिल्या वर्षी मे महिन्यात, ०.२०. जुलैत, ०.२५. गणपतीत, ०.२५. जानेवारीत परत ०.२०. मार्चमध्ये पुण्याला दहा दिवस नेली तेव्हा ०.१५ ला आली, तेव्हा मी फक्त एकदा रॉड जरासा सैल केला, आठवा हिस्सा आटा असेल. दुसऱ्या वर्षी जुलैत पुन्हा ०.२५, आणि हा पावसाळा तर पहिल्यापेक्षा मोठा होता, घरातल्या कपाटाची दारं लागत नव्हती. पीळ शून्य. फ्रेटची टोकं पुण्यातल्या कोरड्या हवेतही बाहेर आली नाहीत, नाहीतर बोर्ड आक्रसला की लोखंड आहे तिथेच राहतं आणि बाजूने करवतीसारखं लागतं, हे अनेकांनी अनुभवलं असेल.

एक गिटार, एक नेक, त्यामुळे माझ्या वहीवरून सगळ्या रोस्टेड मेपलचा निकाल लावू नका. यातलं किती भाजण्यामुळे आणि किती उभ्या वर्तुळांमुळे हेही मी वेगळं काढू शकत नाही, दोन्ही एकाच नेकमध्ये आलंय. फेंडर वर्षानुवर्षं आडव्या वर्तुळांचं मेपल वापरतंय आणि त्यातले सत्तर वर्षांपूर्वीचे नेक अजून सरळ आहेत, म्हणजे आडवी फळीही नीट वाळवली, रेषा सरळ निवडली तर चालतेच. पण तिरपी रेषा घेऊ नका, ते मी ठामपणे सांगते.

आवाजाबद्दल विचारणार हे माहीत आहे. नेक बदलल्यावर पहिल्या दिवशी मला वाटलं आवाज मोकळा झाला, ॲम्पमधून तार जास्त वेळ घुमतेय. पण त्याच दिवशी मी तारा नवीन लावल्या होत्या, नट बदलला होता, ॲक्शन बदलली होती, मग श्रेय कुणाला द्यायचं? लाकूड बदललं की आवाज बदलतो हे आपण फार सहज बोलतो. २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एकसारख्या सहा अकुस्टिक गिटारी करून घेतल्या, फरक फक्त मागच्या आणि बाजूच्या लाकडाचा, आणि ५२ वादकांना लाकूड दिसणार नाही अशा पद्धतीने वाजवायला दिल्या, महाग ब्राझिलियन रोझवूड आणि स्वस्त लाकूड यांत कुणाला नीट फरक करता आला नाही. तो प्रयोग नेकचा नव्हता, बॉडीचा होता, पण तो वाचल्यापासून मी आवाजाच्या नावाखाली मुलांच्या आई-वडिलांना जास्त पैसे घालायला सांगत नाही. नेकचं लाकूड मी टिकण्यासाठी आणि हाताला कसं लागतं यासाठी निवडते, आणि सूर स्थिर राहतो हा सगळ्यात मोठा आवाजाचा फायदा आहे. आरतीच्या आधी दहा मिनिटं ट्यूनिंग करत बसावं लागत नाही, पहिल्या गाण्याला सुरात असते ती शेवटच्या गाण्यालाही असते.

कुणी घ्यावा? किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी, म्हणजे मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा, जे इलेक्ट्रिक नियमित वाजवतात आणि ज्यांचा नेक खरंच गेलाय त्यांनी डोळे झाकून विचार करावा. घाटावरचे, पुणे-नाशिकवाले जे गिटार घेऊन खाली-वर फिरतात त्यांनीही. शिकायला लागून सहा महिने झालेत त्यांनी अजिबात नको, त्या पैशात चांगली आख्खी गिटार येते. आणि ज्यांचा साधा मेपल किंवा नॅटोचा नेक सरळ आहे त्यांनी हात लावू नका, त्याच पैशात एक चांगली केस, ओलावा धरणाऱ्या पुड्या आणि हायग्रोमीटर घ्या आणि उरलेल्याचा फ्रेटचा सेटअप करून घ्या. गिटार घराच्या बाहेरच्या भिंतीला टांगू नका, पावसाळ्यात ती भिंत पाणी धरते, आतल्या भिंतीला टांगा.

खरेदी करताना विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: हीलच्या टोकाचा, मागच्या बाजूचा पूर्ण लांबीचा, आणि हेडस्टॉककडून डोळ्याच्या रेषेत घेतलेला. वाघाच्या पट्ट्यांसारखं चमकणारं फ्लेम मेपल दिसायला फार सुंदर असतं पण तिथे रेषा लाटेसारखी वरखाली होत असते, सुंदर दिसतं म्हणून भाव जास्त आणि स्थिरता कमी, नेकसाठी मी साधं बिनपट्टीचं लाकूड घेईन. आणि काळपट डाग असतील किंवा रंग एकसारखा नसेल तर भट्टीत नीट भाजलं गेलं नाहीये असं समजायचं.

बाबांचं अजून एकच म्हणणं आहे, की एवढं लांबून भाजलेलं मेपल कशाला, सागाचा नेक का नाही. मी म्हटलं सागात तेल असतं, सरस नीट धरत नाही, आणि त्यातल्या वाळूसारख्या सिलिकाने पात्याची धार जाते. तर म्हणाले, "सांध्याच्या आधी तेल पुसून घ्यायचं, आणि धार काय, परत लावायची." वजनाला साग मेपलपेक्षा थोडा हलकाच, हालचाल कमी, तर कारण काही सापडलं नाही मला नाही म्हणायला. गेल्या दिवाळीत जुन्या घराची एक तुळई उतरवली, साठ-सत्तर वर्षं माळ्यावर वाळलेली, बाबांनी तिच्यातून उभ्या वर्तुळांची अडीच फुटांची फळी काढलीय, पडवीत दोन काठ्यांवर आडवी ठेवलीय, आणि पिळलेला जुना नेक तिच्या शेजारी खिळ्याला टांगलाय मापासाठी. ट्रस रॉड मी मागवलाय, दोन्हीकडे फिरणारा. पट्टीसाठी शिसव आजोबांच्या पलंगाच्या तुटलेल्या पायातून निघेल असं दिसतंय, फ्रेटच्या खाचांसाठी पातळ पात्याची करवत अजून मिळालेली नाही, कुणाकडे ०.६ मिलिमीटरची असेल तर सांगा.